देवमाशांच्या शिकारीविरुद्ध सांगली-साताऱ्यातनं पोस्टकार्डं पाठवायची का? मतं सांगा

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. लई दिवस मनात होतं, आज लिहितोच. २०२३ च्या दिवाळीत आम्ही घरची आठ माणसं गणपतीपुळ्याला गेलो होतो, आंबा घाटातनं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू लागलेलं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बातमीत बघितलं असेल. आम्ही तिथं होतो. पिल्लू म्हणायचं, पण वीसेक फुटांचं धूड. अंग कसं तर ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब पाण्यात बुडवून काढल्यावर दिसते तसं, आणि ऊन चढलं तसं ते सुकायला लागलं. मग लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले. लॉजवाल्यांच्या बादल्या, पोरांच्या खेळण्यातल्या बादल्या, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. वनखात्याची माणसं ओरडून सांगत होती की डोक्यावरच्या दोन नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. ते श्वास सोडायचं तेव्हा फुस्स करून गरम हवा तोंडावर यायची, माशाचा वास असलेली. माझी धाकटी बहीण रडायलाच लागली, म्हणाली दादा हे माणसासारखंच श्वास घेतंय. चाळीसेक तास सगळे झटले, एकदा समुद्रात नेऊन सोडलं पण, तरी ते परत किनाऱ्याला लागलं आणि शेवटी गेलं.

तेव्हापासनं मी मिळेल ते वाचत गेलो आणि तेव्हा कळलं की जपान, नॉर्वे आणि आइसलँड हे तीन देश आजपण धंद्यासाठी देवमासे मारतात. जपान तर २०१९ च्या ३० जूनला देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातनं बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, बोटी शिकारीला निघाल्यापण. २०२४ मध्ये त्यांनी काँगेई मारू नावाचं नवं मोठं जहाज शिकारीला धाडलं आणि त्याच वर्षापासनं फिन व्हेल पण यादीत घेतले, जगातला दोन नंबरचा मोठा प्राणी हा. तिकडं लोक याविरुद्ध मोर्चे काढतात, सह्या गोळा करतात. माझं म्हणणं, आपणपण मराठीतनं पोस्टकार्डं लिहू, जपानच्या मुंबईतल्या वकिलातीला. पन्नास पैशाचं कार्ड. किती जण तयार आहेत?

माण_खटाव
राग मानू नका पण मला हे पटत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया बसतात, तुमच्या कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा कुणी पोस्टकार्ड लिहिलं नाही आणि आता एकदम जपान? समुद्र आपल्याला नाही, बोट आपण चालवत नाही, देवमासा म्हणजे काय ते शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी बघितला नाही.

आणि दुसरं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यत बंद केली तेव्हा आमच्या भागात घराघरात सुतक पडल्यागत झालेलं. खोंड पोटच्या पोरासारखा सांभाळणारी माणसं, त्यांना क्रूर म्हटलं गेलं. नऊ वर्षांनी, मे २०२३ ला, कोर्टानं शर्यतीला परवानगी देणारा नवा कायदा ग्राह्य धरला. त्या काळात एखाद्या जपानी माणसानं आम्हाला कार्ड पाठवलं असतं की बैल पळवू नका, तर आम्ही काय केलं असतं सांगा? चुलीत घातलं असतं.

भूगोलवाल्या_मॅडम
मी कराडला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. माण_खटाव दादा, तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर देते, दुसरा अवघड आहे, त्यावर मलाही विचार करावा लागेल.

समुद्र नाही म्हणून बोलायचं नाही, हे या विषयात लागूच पडत नाही बघा. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगात मंगोलिया सदस्य आहे, त्यांना कुठला समुद्र? आणि तो बहुतेक वेळा जपानच्या बाजूनं मत देतो. ऑस्ट्रिया आहे, हंगेरी आहे, ते शिकारीच्या विरोधात असतात. १९८२ ला इंग्लंडमध्ये ब्रायटनला मतदान झालं, धंद्याची शिकार थांबवायची का नाही यावर. २५ विरुद्ध ७, पाच देश तटस्थ. त्या २५ मध्ये आपला भारत होता. आपण आयोगात आदल्याच वर्षी गेलेलो. १९८५-८६ च्या हंगामापासनं बंदी लागू झाली. म्हणजे आपल्या देशानं यात हात वर केलेला आहे, आपण कार्ड टाकलं तर ते काही उपटसुंभासारखं होत नाही.

आणि ही बंदी सरकारांना आपोआप सुचली नाही. हा आयोग १९४६ च्या करारातनं निघाला तो देवमासे वाचवायला नव्हे तर शिकारीचा धंदा नीट चालावा म्हणून. कोटे ठरवायचे आणि मारायचे. विसाव्या शतकात सगळे मिळून जवळजवळ २९ लाख देवमासे मारले गेले. अंटार्क्टिकाचे निळे देवमासे आधी अंदाजे २ लाख ३९ हजार होते, १९७३ पर्यंत साडेतीनशेच्या आसपास उरले. हा आकडा मी फळ्यावर लिहिते तेव्हा वर्गातली पोरं म्हणतात मॅडम शून्य विसरलात.

मग बदललं कसं? १९७० ला हंपबॅक देवमाशाच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली, घरात बसून लोकांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. १९७५ च्या जूनमध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवाल्या संघटनेची माणसं कॅलिफोर्नियाच्या बाजूला रबरी होड्या घेऊन सोव्हिएत शिकारी बोटीच्या आडवी गेली, हार्पून, म्हणजे तोफेतनं मारायचा भाला, त्यांच्या डोक्यावरनं जाऊन स्पर्म व्हेलच्या मादीत घुसला आणि ते सगळं कॅमेऱ्यात आलं. टीव्हीवर बघितल्यावर लोक चिडले, पत्रं लिहिली, मोर्चे निघाले. त्यातल्या किती जणांनी देवमासा डोळ्यांनी बघितला असेल? आपल्यासारखीच माणसं, समुद्रापासनं लांब राहणारी.

शिराळ्याचा
मी बत्तीस शिराळ्याचा. वर बैलगाड्याचं निघालंय तर मला बोललंच पाहिजे.

नागपंचमीचं आमचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आया-बहिणी नागाला भाऊ मानून उपास धरतात. माझे आजोबा नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, आणि पंचमी झाली की जिथनं आणला त्याच रानात सोडून यायचे, बांध न बांध लक्षात ठेवून. पुढं कोर्टाचा आदेश आला, जिवंत नाग थांबले, मूर्तीची आणि फोटोची पूजा सुरू झाली. मला सांगायचंय ते असं, की वन्यजीव म्हणून नागाला त्रास होत होता हे मला आज कळतं. गर्दी, वाद्यं, तासन्‌तास हाताळणी, नागाला सोसत नसणार. ते मी मान्य करतो. पण तेव्हा बाहेरनं कॅमेरे घेऊन आलेले लोक ज्या शब्दांत बोलले ते अजून सलतंय. रानटी म्हणाले. आजोबांनी ते ऐकलं आणि आठ दिवस कट्ट्यावर आले नाहीत.

म्हणून कार्ड पाठवा, मी पण लिहितो, पण त्यात 'क्रूर जपानी' असलं काही असेल तर माझं नाव घालू नका. आपण बोलायचं ते शिकारीबद्दल, माणसांच्या जातीबद्दल नाही. आणि परंपरा म्हणत असतील तर ती नीट समजून घेऊ. जपानात तैजीसारख्या गावात चारशे वर्षांपासनं किनाऱ्याजवळ देवमासे धरतात, ते वेगळं. मोठी जहाजं घेऊन अंटार्क्टिकाला जाणं १९३४ नंतरचं, आणि युद्ध हरल्यावर खायला काही नव्हतं तेव्हा अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांनीच परवानगी दिली, १९४६ ला. त्यांच्या शाळेतल्या जेवणात देवमाशाचं मटण असायचं. आज जे आजोबा ते खातात त्यांना ते गरिबीतलं लहानपण आठवतं. आपल्याकडं दुष्काळात सुकडी खाल्लेली माणसं आहेत ना, तसं.

वारणाकाठ
शिराळ्याचे दादा, मान्य. शब्द जपूनच वापरू. तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं.

माण_खटाव
शिराळ्याच्या भावानं बरोबर लिहिलं. पण मग माझा प्रश्न तसाच राहतो की. त्यांचा समुद्र, त्यांचं मटण, आपण कोण?

भूगोलवाल्या_मॅडम
दादा, रात्रभर विचार केला तुमच्या प्रश्नाचा. मला वाटतं फरक असा. खोंड तुमच्या गोठ्यात जन्मतो, तुम्ही त्याचा चारा-पाणी बघता, आजारपण काढता. देवमासा कुणाच्या गोठ्यातला नाही. तो एका देशाच्या पाण्यात खातो, दुसऱ्याच्या पाण्यात वितो, मधल्या समुद्रावर तर कुणाचाच सातबारा नाही. म्हणून तर ऑस्ट्रेलियानं जपानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. अंटार्क्टिकात 'संशोधन' म्हणून शिकार चालायची आणि मटण बाजारात विकलं जायचं. ३१ मार्च २०१४ ला निकाल लागला, १२ विरुद्ध ४, की हा कार्यक्रम संशोधनासाठी म्हणता येत नाही. त्या बारात आपले दलवीर भंडारी होते, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले.

आता जपान फक्त स्वतःच्या हद्दीत मारतो, हे खरं आहे आणि अंटार्क्टिका सोडलं ही लोकांच्या दबावातनं झालेली मोठी गोष्ट आहे असं मी मानते. हद्दीतल्या शिकारीबद्दल आपला हक्क सांगता येत नाही, विनंती करता येते. एवढंच मी म्हणेन.

आणि एक गोष्ट आपल्या अरबी समुद्राची. इथले हंपबॅक जगातल्या बाकी हंपबॅकसारखे थंड पाण्याकडं जातच नाहीत, वर्षभर इथंच. सत्तर हजार वर्षांपासनं बाकीच्यांपासनं वेगळे पडलेत. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजं या समुद्रात आली, ओमानपासनं पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यापर्यंत, आणि दोनशेच्या वर हंपबॅक मारून गेली. जगाला पत्ता नव्हता. सोव्हिएत युनियन फुटल्यावर त्यांच्याच शास्त्रज्ञांनी खरे आकडे बाहेर काढले. आज ओमानच्या बाजूला शंभराच्या आतच उरलेत. थोडे दिवस चाललेली शिकार, आणि साठ वर्षं होत आली तरी भरून निघाली नाही.

ओमानवाल्यांनी टॅग लावलेली एक मादी २०१७ मध्ये समुद्र ओलांडून आपल्या भारताच्या किनाऱ्याकडं आली होती. तिचं नाव लुबान. शेपटीवर ऊदाच्या झाडासारखी खूण आहे म्हणून.

अत्तरवाला_मिरज
लुबान म्हणजे आपला लोबानच की मॅडम. आमच्या दुकानात रोज धुपाटण्यात जळतो. वाचून अंगावर काटा आला.

माझं मिरजेत दर्ग्याजवळ अत्तराचं छोटं दुकान आहे, वडिलांपासनं. मला एक गोष्ट सांगायची होती. महिन्यातनं एखादा तरी माणूस येतो, इकडंतिकडं बघत हळूच विचारतो, अंबर घेणार का. पेपरात 'व्हेल माशाची उलटी, किंमत कोटीत' असं वाचून पोरांना वाटतं लॉटरी आहे. एक पोरगा तर मेणाचा गोळा घेऊन आला होता, कुणीतरी त्याला पन्नास हजारांना गंडवलेला. मी त्याला बसवून चहा पाजला आणि सांगितलं, बाळा, आपल्या कायद्यात देवमासा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं, त्याचं अंबर जवळ बाळगणं पण गुन्हा आहे, खरं असतं तर आत गेला असतास.

आणि ती उलटी नसतेच. स्पर्म व्हेल माकूल खातो, माकुलाची कडक चोच पचत नाही, आतड्यात ती टोचू नये म्हणून तिच्याभोवती हे साठत जातं. अब्बा सांगायचे की त्यांच्या उमेदीत अंबर म्हणजे अत्तराचा राजा. आता त्या वासाचं क्लेरी सेज नावाच्या झाडापासनं करतात, गिऱ्हाइकाला फरक कळत पण नाही. म्हणजे आमच्या धंद्याला देवमाशाची गरज राहिली नाही. तसंच तेलाचं झालं, आधी त्याच्या चरबीवर दिवे जळायचे, मशिनी चालायच्या, मार्गारिन व्हायचं. माझी पाच कार्डं धरा. उर्दूत एक लिहिलं तर चालेल ना?

वारणाकाठ
चालेल म्हणजे काय चाचा, लिहाच.

चाफळ_खोरं
कार्डानं काय होतंय राव. शिकारी जहाजं अडवणाऱ्या त्या पॉल वॉटसनसारखं बोट घेऊन आडवं गेलं पाहिजे. जुलै २०२४ ला जपानच्या सांगण्यावरनं ग्रीनलँडमध्ये धरलं त्याला, पाच महिने जेलमध्ये ठेवलं, शेवटी डेन्मार्कनं जपानकडं द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात सोडला. जगभरातनं लोकांनी पाठिंबा दिला म्हणून सुटला ना तो?

शिराळ्याचा
पाठिंबा होता हे खरं. पण जहाजाला जहाज भिडवायचं मला पटत नाही, भर समुद्रात माणूस मेला तर? २०१० ला अंटार्क्टिकात वॉटसनच्या माणसांची एक बोट जपानी जहाजाशी टक्कर होऊन बुडाली, खलाशी नशिबानं वाचले. ग्रीनपीसनं पण १९७७ लाच त्याला बाहेर काढलेलं, असल्याच हातघाईवरनं. आणि असलं झालं की तिकडचे सामान्य लोक, ज्यांना व्हेलचं मटण आवडत पण नाही, ते पण आपल्या सरकारच्या मागं उभे राहतात. आमच्याकडं तेच झालं होतं, ज्यांच्या घरात कधी नाग आला नाही ते पण भांडायला पुढं.

बहुतेकांनी खाणं सोडलंच आहे बघा तिकडं. १९६२ ला जपानात वर्षाला सव्वादोन लाख टनांच्या वर मटण खपायचं, आता दोन हजार टनांच्या आसपास. त्यांची तरुण पोरं खात नाहीत. मला वाटतं ह्या पोरांशी बोलावं.

कोरेगावची_लेक
मी बरीच वर्षं फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. आंदोलन म्हणजे भिडणंच असं नाही. सप्टेंबर २०२३ ला आइसलँडच्या रेकजाविक बंदरात दोघीजणी पहाटे दोन शिकारी बोटींच्या डोलकाठीवर चढून बसल्या. वरच्या त्या टेहळणीच्या पिंपात. पोलिसांनी एकीची पाण्याची आणि खाण्याची सॅक काढून नेली तरी ती उतरली नाही. तीसेक तास वाऱ्यापावसात. खाली बंदरावर लोक जमून त्यांना आवाज देत होते, तिथलेच लोक. आइसलँडमध्ये त्या वर्षी पाहणी झाली तर निम्म्याच्या वर लोक शिकारीच्या विरोधात निघाले. म्हणजे बाहेरचे विरुद्ध आतले असं राहिलेलंच नाही तिथं.

आणि कशामुळं ते फिरले ते वाचा. त्यांच्याच सरकारी पशुवैद्यक खात्यानं अहवाल दिला. २०२२ च्या हंगामात १४८ फिन व्हेल मारले, त्यातल्या ३६ ना एकापेक्षा जास्त हार्पून मारावे लागले. हार्पूनच्या टोकाला स्फोटक असतं, ते आत जाऊन फुटतं. लगेच न मेलेल्यांपैकी निम्म्यांना साडेअकरा मिनिटांहून जास्त वेळ लागला. एक तर पाठीत हार्पून घेऊन पाच तास पळत राहिला, सापडला नाही. मी नर्स आहे. साडेअकरा मिनिटं म्हणजे किती असतात ते मी वॉर्डात बघितलंय, मला यापुढं लिहिता येत नाही. माझी दहा कार्डं.

(तिथल्या मंत्रीणबाईंनी २०२३ च्या उन्हाळ्यात शिकार थांबवली होती पण डिसेंबर २०२४ ला परत पाच वर्षांचा परवाना दिला गेला. त्यामुळं जपानबरोबर आइसलँडच्या दिल्लीतल्या वकिलातीला पण पाठवा अशी विनंती.)

माण_खटाव
ताई, तुमचं वाचलं. आमचा एक खोंड विहिरीत पडून पाय मोडला होता, डॉक्टर येईपर्यंत पाऊण तास. ते आठवलं. त्यावर जास्त बोलत नाही.

मी कार्ड लिहितो. पण एक अट आहे. ज्या दिवशी ही कार्डं पेटीत पडतील त्याच दिवशी तेवढीच कार्डं कृष्णेच्या पाण्यासाठी आपल्या कलेक्टरला. नदीतला मासा आपला, त्याला आधी विसरून चालणार नाही.

वारणाकाठ
मंजूर. दोन गठ्ठे करू.

भूगोलवाल्या_मॅडम
मंजूरच. दादांचं म्हणणं वर्गात पण सांगणार आहे. आणि आपल्या राज्याची एक चांगली गोष्ट, डिसेंबर २०१८ पासनं जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवायला मच्छीमारानं जाळं कापलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. कोकणातल्या बऱ्याच जणांनी कासवं, व्हेल शार्क असे सोडलेत. हे कार्डावर लिहू या, की आमचे कोळी स्वतःचं जाळं कापतात. नुसतं दुसऱ्याला सांगतोय असं वाटणार नाही.

शिराळ्याचा
हे एक नंबर. अजून एक लिहा. जपानात नागातो भागात एक देऊळ आहे, १६९२ चं थडगं आहे तिथं. मारलेल्या मादीच्या पोटात पिल्लू निघालं तर ते शिकारी त्याला खात नव्हते, पुरायचे, समुद्राकडं तोंड करून. देवळाच्या वहीत देवमाशांना मेलेल्या माणसासारखी नावं द्यायचे. ज्यांच्यात हे आहे त्यांना आपल्या पुळ्याच्या पिल्लाची गोष्ट समजेल.

वारणाकाठ
ठरलं मग. मी मजकूर लिहिलाय, बघा, सुधारणा सांगा. मराठीतनं वर आणि खाली मॅडम इंग्रजी करून देतील.

"आम्ही महाराष्ट्रातल्या सांगली आणि सातारा जिल्ह्यातली माणसं. आमच्या गावांना समुद्र नाही. २०२३ च्या दिवाळीत कोकणात किनाऱ्याला लागलेलं देवमाशाचं पिल्लू वाचवायला आमच्यातले काही जण बादलीनं पाणी घालत होते, ते वाचलं नाही. आमचे कोळी देवमाशासारख्या जिवासाठी स्वतःचं जाळं कापतात. तुमच्या जपानातल्या एका गावात पूर्वी देवमाशाच्या पिल्लाला माणसासारखं पुरत, हे आम्ही वाचलं. आमची विनंती आहे की धंद्यासाठीची शिकार थांबवावी."

अत्तरवाला_मिरज
'बादलीनं' च्या पुढं 'रात्रीपर्यंत' घाला. आणि 'विनंती' च्या आधी 'हात जोडून'.

शिराळ्याचा
'हात जोडून' पाहिजेच.

कोरेगावची_लेक
मी साताऱ्यातली गोळा करते. मला निरोप पाठवा, पोवई नाक्यावर भेटू.

माण_खटाव
आमच्या इथनं बावीस होतील. दहिवडीच्या पोस्टात कार्डं संपलीत म्हणाले, सोमवारी येतील.